दोन कयाक, दोन सायकली आणि गिरणेचे आवर्तन

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी, धुळ्याहून पारोळ्याकडे जाताना फागणे गाव मागे पडल्यावर, आमच्या गाडीमागचा ट्रेलर डावी-उजवीकडे डोलू लागला. ट्रेलरवर दोन कयाक आणि दोन सायकली होत्या. गाडीत तिघे होतो. कोणाला लागले नाही. एका सायकलचा हँडल वाकला आणि पिवळ्या कयाकच्या बुडाला हातभर ओरखडा पडला.

त्या वेळी गिरणेला पाणी होते आणि ते ओसरत होते. हा प्रवास त्या पाण्यासाठी होता.

असोदा

गिरणा नदी भडगावजवळ वर्षातला बराच काळ वाळूची असते. पावसाळा सरला की धरणातून ठरावीक वेळा पाणी सोडले जाते. त्याला आवर्तन म्हणतात. पाणी सुटल्याची बातमी येते, काही दिवस नदी वाहते, काठावरच्या गावांच्या विहिरी भरतात, आणि मग पुन्हा वाळू. या मधल्या दिवसांत भडगावहून निघून खालच्या बंधाऱ्यापर्यंत कयाकने जाता येईल, असे रवी चौधरीचे म्हणणे होते. रवी माझा मित्र. जळगावात त्याचे ठिबकच्या साहित्याचे दुकान आहे, घर असोद्याला. वर्षभरापूर्वी त्याने नाशिकहून दोन जुन्या कयाक घेतल्या. त्या टेम्पोने धुळ्यापर्यंत आल्या, तिथल्या देवपूर भागात त्याच्या बहिणीच्या गच्चीवर चढल्या आणि तिथेच राहिल्या.

सायकली परतीसाठी; त्याही बहिणीकडेच ठेवलेल्या होत्या. त्या आधी खालच्या बंधाऱ्यावर नेऊन ठेवायच्या, वर येऊन कयाक पाण्यात सोडायच्या, वाहत खाली जायचे, आणि सायकलवरून पुन्हा गाडीपाशी यायचे. हे सगळे एका फेरीत न्यायचे तर ट्रेलर हवा. मागच्या आवर्तनाला रवीने टेम्पो ठरवला होता. तो कांद्याच्या गोण्या भरून आला, कयाक त्यात मावल्या नाहीत आणि पाणी निघून गेले.

त्यानंतर रवीच्या वडिलांनी निकाल दिला. आबा सत्तरी ओलांडलेले आहेत, केळी आणि कापूस अजून स्वतः बघतात. ते म्हणाले, "रव्या, आता जे पाणी येईन त्यात तुह्या नावा उतरल्या त उतरल्या. नही त त्या तळ्यावरच्या हॉटेलवाल्याले देऊन टाक. सुनंदाच्या गच्चीवर पापड वाळत टाकाले जागा नही."

हॉटेलवाला खरा होता. धुळ्याच्या बाहेर त्याचे उपाहारगृह आहे आणि त्याने दोनदा विचारणा केली होती. उरलेली सोय असोद्याची होती. मळ्यातल्या शेडमध्ये कयाक मावल्या असत्या, पण शेड आबांची होती आणि ती त्यांनी देऊ केलेली नव्हती.

ट्रेलर जळगावच्या एका कारखान्यात झाला. तिथे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या होतात. कारागिराचा पहिला प्रश्न होता, "लोड किती टन?"

रवीने सांगितले, "दोन प्लास्टिकच्या नावा, दोन सायकली."

"मग ट्रेलर कशाला, भाऊ? डोक्यावर न्या."

तरी त्याने तो केला. चौकोनी पाइपची हलकी चौकट, जुन्या मोटारीची चाके, कयाकच्या लांबीला पुरेल असा लांब दांडा. दांड्याच्या टोकाला लोखंडी वाटी, ती माझ्या गाडीच्या मागे ओढण्यासाठी बसवलेल्या गोळ्यावर बसते. सोबत दोन साखळ्या आणि मागच्या दिव्यांची तार. सवयीने त्याने पाट्याच्या स्प्रिंगा मात्र ट्रॉलीच्या बसवल्या. कयाक टेकवायच्या दोन कमानींना रवीने फोम गुंडाळला. केळी निर्यातीला जातात तेव्हा फण्यांच्या मध्ये घालतात तो फोम; असोद्यात तो प्रत्येक घरी सापडतो. नोंदणी होऊन नंबरपाटी लागायला ट्रेलर बनायला लागला त्याहून जास्त वेळ लागला.

शुक्रवारी सकाळी असोद्याला पूजा झाली. आबांनी चाकांना आणि दांड्याला हळदकुंकू वाहिले, चाकांखाली लिंबे ठेवली. जळगाव शहरात नवी गाडी दुकानातच पुजून घेतात. इथे वाहन आधी मळ्यात जाऊन येते, मग रस्त्याला लागते. ट्रेलरही मळ्यात जाऊन आला. तिथून परतताना त्यावर भरताच्या वांग्यांचे एक पोते आणि केळीचा एक घड चढला. लेकीकडे रिकामा ट्रेलर न्यायचा नाही, असे आबांचे म्हणणे होते. आबा स्वतःही आले. कापूस मोजायचा त्यांचा टांगता काटा बिघडला होता आणि धुळ्यात त्यांच्या माहितीचा दुरुस्तीवाला होता. सोमवारपासून फरदडीची, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी होती आणि वेचणाऱ्या बायकांची मजुरी त्याच काट्यावर ठरते.

निघण्यापूर्वी रवीने फोन लावला. धरणातून पाणी सोडणे आदल्या दिवशी थांबले होते. नदीत होते तेवढेच पाणी आता खाली सरकणार होते.

देवपूर

एरंडोल, पारोळा, धुळे असा महामार्ग. ट्रॉलीच्या स्प्रिंगा हलक्या ओझ्याने दबत नाहीत, त्यामुळे ट्रेलर प्रत्येक सांध्यावर उडत होता. वेग वाढवला की मागून आवाज येई. पांझरा नदी ओलांडून देवपुरात शिरलो तेव्हा केळीच्या घडातल्या दोन फण्या सुट्या झाल्या होत्या आणि पोत्याच्या तळातून पाणी गळत होते.

सुनंदाताई फाटकात उभ्या होत्या. त्या महाविद्यालयात ग्रंथपाल आहेत. त्यांनी पोत्यात हात घालून एक वांगे काढले आणि वडिलांकडे पाहिले.

"आबा, भरीत रस्त्यातच करून आणलंत?"

"भाजाचं बाकी आहे," आबा म्हणाले.

असोद्यात भरताची वांगी कापसाच्या वाळल्या काड्यांवर भाजतात. देवपुरात काड्या नव्हत्या. वांगी गॅसवर भाजली गेली. भरीत लाकडी बडगीत ठेचले, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालून तेलात परतले. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. आबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "धूर नही लागला." दुसऱ्यांदा त्यांनीच सर्वांत आधी मागितले. रात्री शेजाऱ्यांकडून शेवभाजी आली. धुळ्याची शेवभाजी काळ्या मसाल्याची आणि जळगावपेक्षा तिखट असते. पाहुणा आला की शेजारी एक भाजी पाठवतो, ही रीत जळगावच्या आमच्या इमारतीत आता राहिलेली नाही.

शनिवारी सकाळी काटा दुरुस्त होऊन आला आणि कयाक गच्चीवरून दोराने खाली उतरल्या. गल्ली गोळा झाली. कोणी पाण्याच्या टाक्या आहेत म्हणाले, कोणी पाळणे. ट्रेलरवर सामान लावायची पद्धत रवीने वाचून ठेवली होती, पण तो बोलण्याआधी आबांनी धोतराचा सोगा खोचला.

"सरका. गाडी भराचं मी पायतो."

आबांनी आयुष्यभर बैलगाडी भरली आहे. दोन चाकांच्या गाडीत ओझे पुढे गेले की जू बैलांच्या मानेवर दाबते. म्हणून भरणारा ओझे मागे घेत घेत तोल साधतो. आबांनी कयाक मागे सरकवल्या, दोन्ही सायकली चाकांच्याही मागे उभ्या बांधल्या. मग दांड्याखाली एक बोट घातले आणि तो उचलला. दांडा वर आला. गल्लीतल्या लोकांनी वाहवा केली.

मी म्हणालो, "आबा, पुढे बैल नाही. गाडी आहे."

"गाडीले मान नसते का?"

लोक हसले. रवीने पट्टे आवळले. प्रत्येक पट्ट्याला त्याने एक पीळ दिला, कारण सपाट पट्टा वाऱ्यात घुमतो. कयाकच्या शेपटांना लाल फडकी बांधली. गाडी वळताना कयाकची टोके मागच्या काचेला लागणार नाहीत हे पाहिले. भरपूर अंतर होते. सुनंदाताईंनी पोळ्यांचा डबा दिला आणि भावाला म्हणाल्या, "आता परत इथे आणायच्या तर सरळ हॉटेलवाल्याकडेच ने. मी दार उघडणार नाही."

फागण्याच्या पुढे

गावाच्या हद्दीत ट्रेलर शांत होता. स्प्रिंगा दबल्या होत्या, उडणे बंद झाले होते. महामार्गाला लागल्यावर वेग वाढला. फागणे मागे पडले, एक लांब ट्रक उजवीकडून पुढे गेला, आणि त्याच्या वाऱ्यासरशी ट्रेलरचे शेपूट डावीकडे गेले. परत आले ते जास्त उजवीकडे गेले. गाडीचे मागचे अंगही त्याबरोबर ओढले जाऊ लागले. मी पाय एक्सिलेटरवरून काढला आणि स्टिअरिंग सरळ धरले. ब्रेक लावला नाही. आरशात पिवळी कयाक रस्त्याच्या एका बाजूला दिसे, मग दुसऱ्या. वेग उतरला तसे डोलणे कमी झाले आणि गाडी कडेला थांबली. मागच्या टँकरवाल्याने शेजारून जाताना काच खाली करून आमची विचारपूस केली. त्याचे शब्द इथे देता येत नाहीत.

आबा खाली उतरले. एक पट्टा सैल झाला होता, कयाक हातभर आणखी मागे सरकल्या होत्या आणि एक सायकल लवंडून तिचे पेडल कयाकच्या बुडावर घासले होते. आबांनी ते पाहिले नाही. ते दांड्याकडे गेले. मी साखळ्या सोडल्या, वाटी गोळ्यावरून काढली. दांडा हातातून आपोआप वर गेला.

"उलाळ झाली," आबा म्हणाले. मागे ओझे जास्त होऊन गाडीचे तोंड वर उचलते, त्याला बैलगाडीवाले उलाळ म्हणतात. मग ते म्हणाले, "बैल मान हालवून सांगतो. हे गाडी सांगत नही, नुस्ती शेपटी हालवते."

रवी सायकलचा हँडल सरळ करत होता. तो म्हणाला, "मी वाचलं होतं, आबा. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा दांड्यावर लागतो. तो असला तरच ट्रेलर सरळ चालतो."

"मंग बोलला कायले नही?"

"तुम्ही एका बोटानं उचलून दाखवलंत. सगळी गल्ली पाहत होती. तिथं मी काय बोलू?"

"गल्लीत नही बोलाचं. गाडीत बसल्यावर त सांगता आलं असतं!"

"गाडीत तुम्ही झोपला होतात."

आबांनी सैल झालेला पट्टा ओढून पाहिला.

रवीला तसेच हळू पुढे जायचे होते. सायकलच्या वेगाने गेलो असतो तर भडगाव रात्री आले असते, आणि रात्रीत किती पाणी उरेल हे कोणी सांगू शकत नव्हते. तसाच ट्रेलर ओढायला मी नकार दिला. दहावा हिस्सा मोजायचा कसा, हा प्रश्न होता. आबा गाडीकडे गेले आणि पिशवीतून कापसाचा काटा घेऊन आले.

रस्त्याकडेला एक कडुलिंब होता. त्याच्या फांदीला काटा टांगला, काट्याच्या आकड्याला दोर, दोराला दांड्याचे टोक. पट्टे पुन्हा सोडले. सायकली काढून पुढे, दांड्याच्या बाजूला उभ्या केल्या. काट्याने पाच किलो दाखवले. कयाक दोन हात पुढे ओढल्या. तेरा. कारखान्यात ट्रेलर तोलला होता आणि कयाक-सायकलींचे वजन रवीला माहीत होते. सगळे मिळून दीडशे किलोच्या आसपास जात होते. आबा काट्यासमोर, वेचणी मोजताना उभे राहतात तसे, कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"अजून वीतभर," ते म्हणाले.

वीतभर ओढल्या. काटा पंधरावर थांबला. आबांनी बोटाने दांडा उचलून पाहिला. हलला नाही.

"बैल असता त कुरकुरला असता," ते म्हणाले. "बांध."

कयाकची टोके गाडीच्या जवळ आली होती, म्हणून गाडी पूर्ण वळवून पाहिली. काच आणि टोक यांत चार बोटे उरली. पुन्हा महामार्गाला लागलो. एक ट्रक उजवीकडून गेला, मग दुसरा. ट्रेलर सरळ राहिला. पारोळ्यापर्यंत आबा मान वळवून मागच्या काचेतूनच पाहत होते.

भडगाव

पारोळ्याहून भडगावचा रस्ता लहान आहे. दोन्ही बाजूंना मका, हरभरा, मध्ये लिंबांच्या बागा. काठावर पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. नदीत पाणी होते. काठाच्या ओल्या रेघेवरून ते सकाळपासून गुडघाभर उतरल्याचे दिसत होते.

काठावर एक माणूस आपल्या मोटरचा पाइप पाण्यामागे खाली सरकवत होता. त्याचे नाव भिकाभाऊ. त्याने ट्रेलरभोवती एक फेरी मारली.

"हाई काय शे? मासा धराना डबा शे का?"

रवीने समजावले. भिकाभाऊ म्हणाला, "आरे बापरे. पानी पेवाले उनं, अन तुम्ही त्यामा खेळाले उनात?"

पाणी प्यायला आले आणि आम्ही त्यात खेळायला आलो, असे तो म्हणत होता. उत्तर आबांनी दिले. "पेलाभर बी नेणार नही, भो. होतं तसं मांगे ठेवून येतील."

भिकाभाऊ हसला. पाणी कधीपर्यंत टिकेल, असे मी विचारले. त्याने नदीकडे न पाहताच सांगितले, "सकाय दुपारलगून शे. मंग बठ्ठी वाळू." उद्या दुपारपर्यंत, त्यानंतर सगळी वाळूच.

मुक्काम त्याच्याच मळ्यात झाला. असोद्यात लेवा बोली आणि इथे अहिराणी. आबा आणि भिकाभाऊ आपापल्या बोलीत बोलत राहिले आणि कोणी कोणासाठी शब्द बदलला नाही. जेवणात कळण्याची भाकरी आणि झणझणीत डाळ होती. असोद्याची भाकरी यापेक्षा पातळ असते, हे आबांनी घरच्या बाईंना सांगितले. बाईंनी त्यांना आणखी एक वाढली.

रविवारी उजाडताच सायकली खालच्या बंधाऱ्याजवळच्या गावात एका दुकानासमोर बांधून आलो. परत आल्यावर कयाक पाण्यात सोडल्या. आबा काठावर होते. 

पाणी ढोपरभर, काही जागी घोट्याएवढे. कयाकला तेवढे पुरते. तळाची वाळू दिसत होती. पहिल्या वळणावर चक्रवाकांची जोडी उडाली. खरी अडचण मोटरींच्या तारांची होती. पाणी उतरेल तशा शेतकऱ्यांनी मोटरी नदीच्या मध्यापर्यंत आणल्या होत्या आणि तारा पाण्यावरून लोंबत होत्या. प्रत्येक तार दिसली की आम्ही लांबूनच काठाला लागायचो, कयाक उचलून वाळूवरून पलीकडे न्यायचो. धुणे धुणाऱ्या बायकांनी रवीला विचारले, कोणाच्या लग्नाला चालला आहेस. मध्यावर वाळू उपसलेला एक खोल डोह लागला, तिथे वल्ह्याला तळ लागला नाही. त्यापुढे प्रवाह बोटभर झाला. शेवटचा पट्टा आम्ही दोर खांद्यावर घेऊन चालत ओढला. तोवर डोक्यावर ऊन आले होते.

बंधाऱ्याच्या भिंतीआड मात्र पाणी साठले होते. तिथे पुन्हा कयाकमध्ये बसलो आणि वल्हवत भिंतीपर्यंत गेलो. भिंतीवर आबा बसले होते. भिकाभाऊने त्यांना मोटरसायकलवरून आणले होते. रवीने कयाक भिंतीला लावली. आबांनी वाकून तिचे टोक धरले आणि तो उतरेपर्यंत धरून ठेवले.

मग त्यांनी शेजारी पाहून विचारले, "पुढचं पाणी कधी सोडतीन?"

"एप्रिलमा," भिकाभाऊ म्हणाला. "धरणमा ऱ्हायनं ते." धरणात उरले तर.

रवी आणि मी सायकलवरून भडगावला गेलो आणि गाडी घेऊन बंधाऱ्यावर आलो. ट्रेलर आबांनी भरला. सायकली पुढे, कयाक त्यांच्या मागे. बाभळीच्या फांदीला काटा टांगून त्यांनी दांडा मोजला आणि मग पट्टे आवळू दिले.

भडगावहून आम्ही धुळ्याकडे गेलो नाही. एरंडोलमार्गे अंधार पडताना असोद्याला पोहोचलो. आबांनी मळ्याकडे गाडी वळवायला सांगितली आणि शेडचे कुलूप स्वतः काढले. कयाक आता तिथे आहेत.

सोमवारी फरदडीची वेचणी सुरू झाली. कापूस मोजायला आबांनी शेजारच्या मळ्यातून काटा मागून आणला. त्यांचा स्वतःचा काटा ट्रेलरच्या दांड्याला सुतळीने बांधलेला होता. तो त्यांनी सोडला नाही.